देव रंगमंचाबाहेर: दशावताराच्या परंपरेतून ‘संगीत देवबाभळी’चे आकलन

प्रस्तावना

संतचरित्र हा रंगभूमीला नेहमीच अवघड गेलेला विषय आहे. नाटकाला संघर्ष हवा असतो. संताचा संघर्ष मात्र बहुतांशी अंतरंगातला असतो आणि त्याची परिणती प्रेक्षकाला नाट्यगृहात शिरण्यापूर्वीच ठाऊक असते. चमत्कार दाखवावा तर नाटक भाविक देखाव्याच्या पातळीवर उतरते. चमत्कार वगळावा तर लोकमानसातला ओळखीचा संत हरवतो. या पेचातून वाट काढण्यासाठी देशोदेशीच्या नाटककारांनी संगीताचा आश्रय घेतला, कारण जे संवादातून सिद्ध करता येत नाही ते गाण्यातून निदान अनुभवाला आणून देता येते.

प्रस्तुत लेखात प्राजक्त देशमुख लिखित व दिग्दर्शित ‘संगीत देवबाभळी’ (२०१७) या नाटकाचा विचार दोन संदर्भांच्या आधारे केला आहे. पहिला संदर्भ पाश्चात्त्य आधुनिकतावादी ऑपेराचा, म्हणजे गर्ट्रूड स्टाइन व व्हर्जिल थॉमसन यांच्या ‘फोर सेंट्स इन थ्री अॅक्ट्स’चा आहे. दुसरा सिंधुदुर्गातील दशावताराचा आहे. हा दुसरा संदर्भ केवळ प्रादेशिक आपुलकीपोटी घेतलेला नाही. ‘देवबाभळी’ची निर्मिती करणारी ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ ही संस्था मालवण तालुक्यातील रेवंडीचे सुपुत्र मच्छिंद्र कांबळी यांनी उभी केली आणि तिच्या नाट्यव्यवहाराचे मूळ दशावताराच्या भूमीत आहे. देवाला रात्रभर रंगमंचावर वावरताना पाहणाऱ्या या प्रदेशातून ‘देवबाभळी’कडे पाहिले असता त्या नाटकाचे यश आणि मर्यादा दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

संज्ञेचा प्रश्न

‘ऑपेरा’ या शब्दाला मराठीत ‘संगीतिका’ हा पर्याय रूढ झाला आहे. संगीतिकेत संवादही गेय असतो, किंबहुना कथेचा सारा भार सुरांवर असतो. आकाशवाणीसाठी सिद्ध झालेली ‘बिल्हण’ ही संगीतिका या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. तिचे लेखन वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांचे, तर संगीत पु. ल. देशपांडे यांचे होते. याउलट संगीत नाटकात गद्य आणि पद्य यांची भागीदारी असते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून ही भागीदारी मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली आहे.

‘देवबाभळी’ने आपल्या नावाआधी ‘संगीत’ हे विशेषण लावून या परंपरेशी नाते सांगितले आहे. तरीही जुन्या संगीत नाटकात पद हे अनेकदा कथेतील विसाव्याचे स्थान असे. गवई नट ते आळवी, ‘वन्समोअर’ मिळे, आणि कथा तेवढा वेळ खोळंबून राही. ‘देवबाभळी’त गाणे हेच घटनेचे स्थान आहे. बोलता न येणारे दुःख जेथे येते तेथे गद्य संपते आणि सूर सुरू होतो. या अर्थाने हे नाटक संगीत नाटकाच्या कुळातले असूनही संगीतिकेच्या सीमेवर उभे आहे. आनंद ओक यांच्या संगीतरचनेत ओवी, अभंग आणि लोकगीत यांच्या वळणांचा जो उपयोग झाला आहे, तो या सीमेवरच्या स्थानाला साजेसा आहे.

संतत्वाची मोडतोड: ‘फोर सेंट्स’

स्टाइन यांनी ‘फोर सेंट्स’ची संहिता १९२७ मध्ये लिहिली. थॉमसन यांनी ती स्वरबद्ध केली आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे तिचा पहिला प्रयोग झाला. शीर्षकात चार संत आणि तीन अंक असले तरी प्रत्यक्षात संत चाराहून कितीतरी अधिक आहेत आणि अंक चार आहेत. आव्हिलाची संत तेरेसा आणि इग्नेशियस लोयोला ही त्यातील प्रमुख पात्रे आहेत, पण त्यांच्या चरित्राचा धागा कोठेही सलग लागत नाही. शब्द अर्थापासून सुटून नादाकडे जातात. रंगसूचनादेखील थॉमसन यांनी गाण्यात बसविल्या. संत तेरेसेची भूमिका दोन गायिकांमध्ये विभागली गेली. फ्लोरीन स्टेटहायमर यांनी नेपथ्यात सेलोफेनचा वापर केला आणि सर्व भूमिका कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांनी केल्या.

या ऑपेराची नवलाई ज्या गोष्टींत सांगितली जाते, त्यांतील काही कोकणातल्या प्रेक्षकाला फारशा नवलाच्या वाटू नयेत. ‘फोर सेंट्स’मध्ये काँपेर व कोमेर ही दोन पात्रे प्रेक्षक आणि संत यांच्यामध्ये उभी राहून निवेदन करतात. दशावतारातील सूत्रधार हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. कथेचे सातत्य नसणे, एकामागून एक दैवते येऊन आपापले दर्शन देऊन जाणे, ही तर दशावताराच्या पूर्वरंगाची रीतच आहे. फरक हेतूचा आहे. स्टाइन यांनी कथा मोडली ती संतत्व हे घटनांत नसून असण्यात आहे, अशा जाणिवेतून. दशावताराचा पूर्वरंग कथाहीन आहे, कारण तो मुळात विधी आहे.

आणखी एक दुवा या किनाऱ्याच्या इतिहासाशी भिडतो. तेरेसा आणि इग्नेशियस यांना १६२२ मध्ये एकाच दिवशी संतपद जाहीर झाले आणि त्याच दिवशी फ्रान्सिस झेवियर यांनाही ते मिळाले. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे शव आजही जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये आहे. म्हणजे ‘फोर सेंट्स’मधील संत ज्या स्पॅनिश धर्मविश्वातले आहेत, त्याची सावली तेरेखोलच्या पलीकडे शतकानुशतके पडलेली आहे. त्यामुळे या ऑपेराला ‘परका’ म्हणून बाजूला सारणे योग्य ठरत नाही, आणि तो केवळ पाश्चात्त्य आहे म्हणून त्याला मापदंड मानण्याचेही कारण नाही.

दशावतार: उपस्थित देवाची रंगभूमी

सिंधुदुर्गातील दशावतार हा ग्रामदेवतांच्या जत्रांशी बांधलेला आहे. कार्तिक महिन्यापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि नाट्यमंडळांचा पेटारा गावोगाव फिरू लागतो. हा पेटारा पूज्य मानला जातो. रात्री आड-दशावताराने प्रारंभ होतो. सूत्रधार, गणपती, ऋद्धि-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर आणि विष्णू असा हा क्रम आहे. संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याचा वध करतो. त्यानंतर पुराणातील एखादे आख्यान रात्रभर चालते आणि पहाटे दहीकाल्याने सांगता होते. नावात दहा अवतार असले तरी दहाही अवतार दाखविले जात नाहीत. पायपेटी, मृदंग वा तबला आणि झांज एवढ्या साथीवर, एखाद्या बाकड्याला सिंहासन मानून, हे विश्व उभे राहते. आख्यानाला लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरते आणि संवाद नट रंगमंचावर रचतात.

समीक्षेच्या दृष्टीने येथे तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे देव येथे शरीराने उपस्थित असतो. गणपतीचा मुखवटा धारण करून आलेला नट काही क्षण नट राहत नाही, निदान समोर बसलेल्या वृद्ध स्त्रीसाठी तरी नाही. दुसरी गोष्ट भाषेची आहे. देव, राजे, ऋषी संस्कृतप्रचुर प्रमाण मराठी बोलतात, तर काळ्या वेषातला संकासुर मालवणीत बोलतो. तो भटजीची आणि देवांची थट्टा करतो, श्रोत्यांशी थेट संवाद साधतो, आणि सर्वांत मोठा हशा त्यालाच मिळतो. ज्ञान पळवणारा आणि शेवटी मारला जाणारा असुर गावाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे. तिसरी गोष्ट स्त्रीभूमिकांची आहे. परंपरेने त्या पुरुषांनी केल्या. अलीकडे महिलांची दशावतारी पथके उभी राहिली असली तरी लक्ष्मी, द्रौपदी वा तारामती यांचे दुःख दीर्घकाळ पुरुष नटांच्या कंठातूनच ऐकू आले.

देवरूपाकडून माणसाकडे: मधला टप्पा

दशावतार आणि आधुनिक नाटक यांच्यामधला पूल बांधणाऱ्यांत याच जिल्ह्यात जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर अग्रभागी आहेत. विजया मेहता यांनी ‘रंगायन’तर्फे सादर केलेल्या त्यांच्या ‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) या नाटकात पारंपरिक रंगरूपांची मोकळीक आधुनिक माणसाच्या पोकळीशी जोडली गेली. पुढे ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) कोकणातील खेळे आणि दशावतारी नमन यांचे रूप घेतले. गणपती-सरस्वतीच्या नृत्याने आरंभ झालेला तो प्रयोग सत्तेच्या क्रौर्याचे दर्शन घडवून संपतो. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) तर मृत भाऊरावच कीर्तनकार होतो. या नाटकांनी भक्तीचा साचा घेतला आणि त्यातील भक्ती वगळली. तसे करण्यातच त्यांचा उपरोध आणि त्यांची आधुनिकता होती.

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०) वेगळा मार्ग चोखाळला. गावकरी महाभारतातील प्रसंगाचे नाटक बसवतात आणि पौराणिक पात्रे मालवणीत बोलू लागतात. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने हे नाटक महाराष्ट्रभर नेले. त्याकडे केवळ विनोदी नाटक म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला लागली आहे. वस्तुतः संकासुराची भाषा येथे पांडव-कौरवांना मिळाली. जी बोली दशावतारात एका असुरापुरती राखीव होती, तिने संपूर्ण पुराण व्यापले. ‘भद्रकाली’च्या नाट्यसंसाराचा आरंभबिंदू येथे आहे आणि ‘देवबाभळी’ त्याच संस्थेने करणे हा केवळ व्यावसायिक योगायोग मानता येत नाही. दोन्ही नाटकांत देवकथेकडे तिच्या मागील दाराने, घरगुती बोलीच्या बाजूने प्रवेश केलेला आहे.

‘संगीत देवबाभळी’: काटा आणि वाद

एका लोककथेत तुकोबांसाठी भाकरी घेऊन डोंगरावर निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो आणि स्वतः विठ्ठल तो काढतो. मूळ एकांकिकेच्या रूपात सिद्ध झालेल्या या नाटकाने येथून पुढची कल्पना केली आहे. जखमी आवलीची सेवा करण्यासाठी विठ्ठल रखुमाईला तिच्या घरी पाठवतो आणि रुसलेली रखुमाई लखुबाई या नावाने देहूच्या त्या घरात राहू लागते. शुभांगी सदावर्ते यांची आवली आणि मानसी जोशी यांची लखुबाई अशी दोनच पात्रे रंगमंचावर आहेत. नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचे आणि प्रकाशयोजना प्रफुल्ल दीक्षित यांची आहे.

नाटकाची खरी कलात्मक निवड अशी की, ज्यांच्याविषयी सारे बोलणे चालले आहे ते दोन्ही पुरुष मंचावर येत नाहीत. संत घरी नाही आणि देव दृष्टीस पडत नाही. स्टाइन यांनी संतांची गर्दी करून संतत्वाचा अर्थ विरघळवला. देशमुखांनी संताला व देवाला बाहेर ठेवून तो अर्थ दोन स्त्रियांच्या बोलण्यावर सोपवला. दशावतारात देव दिसतो म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्याचे दर्शन झाले की वाद संपतो आणि संकासुराचा वध होतो. ‘देवबाभळी’त देव दिसत नाही, म्हणूनच त्याच्यावर खटला भरता येतो. आवलीचा आरोप सरळ आहे. देवाच्या वेडापायी नवऱ्याचा संसारातला पाय सुटला आणि भाकरीचा प्रश्न तिच्या एकटीच्या माथी आला. रखुमाईचा आरोप अधिक अवघड आहे, कारण ज्याच्यावर तो करायचा तो तिचाच पती आहे आणि तोच जगाचा देवही आहे. भक्तांच्या गोतावळ्यात हरवलेल्या पतीची पत्नी आणि देवामागे हरवलेल्या भक्ताची पत्नी यांची दुःखे एकमेकींत आरशासारखी उमटतात.

येथे एक चरित्रात्म तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. तुकोबांच्या पहिल्या पत्नीचे नाव रखमाबाई होते आणि १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तिचा अंत झाला. ज्या घरात एक रखमा अन्नावाचून गेली, त्याच घरात नाटकातली रखुमाई चूल सांभाळायला येते. नाटककाराच्या मनात हे साम्य असो वा नसो, चरित्राची माहिती असलेल्या प्रेक्षकाला ते टाळता येत नाही. त्या प्रकाशात आवलीची चिडचिड ही कजाग स्त्रीचा स्वभावविशेष राहत नाही. ती भुकेची स्मृती ठरते. १९३६ च्या प्रभात चित्रपटातील गौरी यांच्या जिजाईने विठोबावर संतापणाऱ्या या स्त्रीला पडद्यावर अविस्मरणीय केले होते, पण चित्रपटाच्या केंद्रस्थानी विष्णुपंत पागनीसांचे तुकोबाच होते. ‘देवबाभळी’ने केंद्र हलवले.

दोन स्त्रिया रंगमंचावर गात आहेत, याचे महत्त्व दशावताराच्या पार्श्वभूमीवर विशेष जाणवते. लक्ष्मीचे सोंग घेऊन आलेला नट कितीही समर्थ असला तरी त्याच्या अभिनयात सोंगाची जाणीव असते आणि प्रेक्षकाला तिचीही गोडी असते. ‘देवबाभळी’तील रखुमाई मात्र सोंग घेतलेली देवी आहे. ती लखुबाईचे सोंग वठवते आणि त्या सोंगाखाली हळूहळू तिचे देवपण उणावून बाईपण उरते. नट देव होतो ही दशावताराची किमया. देवी माणूस होते ही या नाटकाची.

मर्यादा

या नाटकाचे बलस्थान असलेले संगीतच काही ठिकाणी त्याची मर्यादा ठरते. थॉमसन यांनी अमेरिकी चर्चमधील साध्या प्रार्थनागीतांची वळणे घेतली, पण स्टाइन यांचे निरर्थकाकडे झुकलेले शब्द त्या ओळखीच्या सुरांना सतत टोचत राहतात. त्यामुळे श्रोत्याला निवांत भक्तिभावात विसावता येत नाही. ‘देवबाभळी’त अभंग-ओवीचे ओळखीचे वळण कानी पडले की मराठी प्रेक्षक तत्काळ वारकरी होतो. टाळांचा नाद सुरू होताच आवलीने उभा केलेला प्रश्न भक्तिरसात बुडू लागतो. नवऱ्याच्या आणि देवाच्या विरोधातला युक्तिवाद सुरू असतानाच सूर मात्र त्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

दुसरी मर्यादा काट्याच्या प्रतीकाची आहे. पायातला काटा, मनातला सल आणि देवाने लावलेले वेड ही प्रतीकमाला सुंदर आहे, परंतु ती वारंवार सूचित केल्याने प्रेक्षकाला स्वतः शोध घेण्यास वाव कमी राहतो. दशावतारी नट एखादे सूत्र आयत्या वेळी सोडून देऊ शकतो. बांधेसूद संहितेला ती मुभा नाही. तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. रंगमंचाबाहेर राहिलेला देव हरत नाही. ज्याला उत्तर द्यावे लागत नाही त्याच्यावरचा खटला अखेर समजुतीतच मिटण्याचा धोका असतो. आवलीच्या भाकरीचा प्रश्न आणि रखुमाईच्या रुसव्याचा प्रश्न यांना एकाच तराजूत तोलल्याने पहिल्याचे भौतिक वजन काहीसे हलके होते. रुसवा काढता येतो. दुष्काळ काढता येत नाही.

या मर्यादा मान्य करूनही ‘देवबाभळी’ला केवळ भाविक नाटक म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘घाशीराम’ आणि ‘महानिर्वाण’ यांच्यानंतर मराठी प्रायोगिक जाणिवेने असे गृहीत धरले होते की भक्तिरूपांचा आधुनिक उपयोग उपरोधानेच होऊ शकतो. श्रद्धा शाबूत ठेवूनही तिची कठोर झडती घेता येते, हे ‘देवबाभळी’ने व्यावसायिक रंगमंचावरच्या शेकडो प्रयोगांतून दाखवून दिले.

समारोप

तिन्ही रूपांची तुलना करता असे दिसते की संत व देव यांचे रंगमंचावरील स्थान हाच प्रत्येकाच्या आधुनिकतेचा किंवा परंपरानिष्ठेचा निकष ठरतो. ‘फोर सेंट्स’मध्ये संत सर्वत्र आहेत आणि अर्थ कोठेही स्थिर नाही. दशावतारात देव प्रत्यक्ष आहे आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मालवणी बोलणाऱ्या असुराला वधापुरता मिळालेला आहे. ‘देवबाभळी’त देव बाहेर आहे आणि प्रश्न दोन स्त्रियांच्या हाती आहे. त्या अर्थाने आवली ही संकासुराची दूरची नातलग म्हणावी लागेल. तीही घरगुती बोलीत देवाला जाब विचारते, मात्र तिचा वध होत नाही; तिच्या सेवेला देवी येते.

सिंधुदुर्गातील अभ्यासकांच्या दृष्टीने या तुलनेतून एक कार्य पुढे येते. ‘फोर सेंट्स’ची संहिता व स्वरलिपी आणि ‘देवबाभळी’ची छापील संहिता अभ्यासाला उपलब्ध आहे. दशावतारातील संकासुर मात्र दर हंगामात वेगळे बोलतो आणि पहाटे दहीकाला होताच त्याचे बोलणे विरून जाते. ट्रिकसीन आणि ध्वनिवर्धक यांच्या योगे प्रयोगाचे बाह्यरूप झपाट्याने पालटत असताना, भटजीला आणि देवाला विचारलेले त्याचे प्रश्न कोणते होते, कोणत्या गावात कोणता प्रश्न हशाला पात्र ठरला आणि कोणता ऐकून श्रोते स्तब्ध झाले, याची नोंद झाल्याशिवाय देवाशी वाद घालण्याच्या मराठी परंपरेचा इतिहास पूर्ण होणार नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात दशावताराला ‘विधिनाट्य’ या एका शब्दात बंद करून ठेवण्याऐवजी त्यातील संवादांची नाट्यसमीक्षा सुरू व्हावी, ही अपेक्षा ‘देवबाभळी’सारख्या नाटकामुळे अधिक निकडीची झाली आहे.